चादरीखालचे गृहस्थ

११ मार्च

प्रिय वन्सं,

नमस्कार. गुडघा कसा आहे? जिने चढू नका म्हटलं तर तुम्ही ऐकणार थोड्याच! माझं ठीक. थकवा आहे, पण तो आता घरचाच झालाय.

शनिवारी प्रयोग. अडीचशे वर्षांपूर्वीचा हा विनोदी ऑपेरा, फारसा कुणी हात न लावलेला. ह्यांनी आपल्या भाषेत आणला आणि प्रयोगाआधीच गेले. माझी शाळा लवकर सुटली, पण ह्यांच्या टेबलावरचं वाचत वाचत वाचणारी झाले. म्हणून आता प्रॉम्प्टर होऊन विंगेत बसते. गायक अडले की ह्यांचे शब्द पुरवते.

तुम्ही लिहिलंत, "घरातला माणूस गेला आणि तुम्ही मेल्याची सोंगं करून लोकांना हसवणार? मी येणार नाही." रागवा, तुमचा हक्क आहे. पण तो प्रसंग तुमच्या भावाला सगळ्यात आवडायचा. कंजूष म्हातारा मेल्याचं सोंग घेतो. बायको रडायचं सोडून तिजोरीची किल्ली शोधते, तसा हा ताडकन उठून बसतो.

दिग्दर्शक मुलगी म्हणते, "काकू, काढून टाकू या का हा प्रसंग? आजच्या लोकांना नाही झेपायचा." आजचे लोक म्हणजे मी.

काल तालमीत घोटाळा झाला. म्हाताऱ्याच्या तोंडावर चादर असते, त्याला काही दिसत नाही. बायकोचं गाणं संपलं की मी हळूच "उठा" म्हणायचं, मग त्याने उठायचं. गाणं संपलं. मला शब्द फुटेना. वादक बिचारे तीच ओळ घोळवत राहिले. शेवटी चादरीखालून आवाज आला, "अहो वहिनी, मी मेलोय की जिवंत, ते एकदा सांगून टाका!"

सगळे हसले. मीही हसले, वन्सं, पोट धरून. मग बाहेर पायरीवर बसून राहिले.

त्या सकाळी ह्यांनाही मी तेच म्हटलं होतं. चहा निवतोय, उठा. चिडूनच म्हटलं. हे तुम्हाला आजवर सांगितलं नव्हतं.

प्रसंग काढायचा नाही, असं मी त्या दिग्दर्शक मुलीला सांगितलंय. ती म्हणाली, "पुन्हा अडलं तर मात्र काढू." म्हणून लिहितेय. शनिवारी या. माझ्याशेजारी विंगेत खुर्ची ठेवते, जिना नाही. माझी जीभ अडकली तर तुम्ही म्हणा. तुमचा आवाज तसाही शेवटच्या रांगेपर्यंत जातो. लहानपणी शाळेसाठी ह्यांना तुम्हीच उठवायचात ना?

खुर्ची धरून बसलेली,
तुमची भावजय