तळपायावरचा प्रवासयोग

हिंगोली, रविवार, चहानंतर

प्रिय जाईस अनेक उत्तम आशीर्वाद (तू माझ्याहून साडेतीन महिन्यांनी लहान आहेस, ते साठीनंतरही बदललेलं नाही). मी खुशाल आहे, तुझी खुशाली कळव, इकडे हवा कोरडी आहे. बघ, अजून सुटत नाही. आपल्या होस्टेलमधून घरी जाणारं प्रत्येक पत्र सिस्टर फिलोमिना आधी वाचायच्या आणि पहिल्या तीन वाक्यांत प्रकृती आणि हवामान नसेल तर परत द्यायच्या. तेव्हापासून माझं कुठलंही पत्र हवामानाशिवाय हलत नाही. तुझे गुडघे कसे आहेत? गच्चीवरच्या मोगऱ्याला यंदा कळ्या आल्या का? आता ऐक. येता बुधवार सोडून पुढच्या बुधवारी मी पुण्याला येते आहे. अकरा वर्षांनी. मला तिकडे आणतो आहे माझ्या डाव्या टाचेवरचा एक तीळ, जो शुक्रवारी कापून काढायचा आहे. घाबरू नकोस, दिवाळीत अर्धवट सांगितलं होतं ते आता सगळं क्रमाने सांगते. क्रम सोडला की माझं काय होतं ते तुला भूगोलाच्या पेपरापासून माहीत आहे.

सुरुवात काशाच्या वाटीपासून. आमच्याकडे कामाला मनकर्णा येते. ती मूळची साखरा गावची, हाताला कडक आणि मनाने लोणी. गेल्या उन्हाळ्यात माझ्या तळपायांची आग व्हायला लागली, तेव्हा तिने रोज दुपारी तूप लावून काशाच्या वाटीने माझे पाय घासायला घेतले. (तुम्हा पुणेकरांसाठी सांगते: घासता घासता तळवे काळे होतात. काळं आलं म्हणजे अंगातली उष्णता बाहेर पडली, असं आम्ही इकडे मानतो. ते काळं काशाचं असतं हे मला शाळेतल्या विज्ञानामुळे माहीत आहे, पण पाय दुसऱ्याच्या मांडीवर असताना विज्ञान आठवत नाही.) मग साबणाने पाय धुतले की काळं जायचं. एक दिवस सगळं गेलं आणि टाचेवर एक ठिपका राहिला. मनकर्णा म्हणाली, “बाई, लई उष्णता हाय वो तुमच्यात. ही शेवटची जरा हट्टी दिसून राहिली.” मग तिने त्या ठिपक्यावर जास्तीचं तूप लावून पंधरा दिवस त्याचा पिच्छा पुरवला. ठिपका जिथल्या तिथे.

तेव्हा आमचे बंडोपंत मध्ये पडले. तुला माहीत आहे, त्यांनी तेहतीस वर्षं जमिनीच्या मोजणी खात्यात काढली. जिल्ह्यातले निम्मे बांध त्यांनी साखळी टाकून मोजले असतील. निवृत्तीनंतर मोजायला काही उरलं नाही, म्हणून ते ज्योतिषाकडे वळले. त्यांनी भिंग आणलं, माझी टाच खिडकीकडे वळवली आणि जाहीर केलं की ही उष्णता नाही, हा तीळ आहे, आणि तळपायावर तीळ म्हणजे प्रवासयोग. जाई, तुला खरं सांगते, मला लहानपणच्या सहलीच्या आदल्या दिवसासारखं वाटलं. अकरा वर्षांत मी कुठे गेले? आधी सासूबाई अंथरुणाला, मग करोना, मग यांना गाडी लागते (कळमनुरीच्या पुढे यांचा चेहरा दोडक्यासारखा होतो). शेवटची तुला भेटले ती तुझ्या घरी, भाऊजींच्या तेराव्याला. तेव्हाही माणसांच्या गर्दीत तुझा हात धरून धड दहा मिनिटं बसता आलं नाही. निघताना तू जिन्यावरून म्हणालीस, “पुढच्या वेळी राहायला ये.” ती पुढची वेळ मी अकरा वर्षं जपून ठेवली आहे, घडी न मोडलेल्या साडीसारखी.

तर तीळ वाढायला लागला, आणि आमच्या घरात आनंदीआनंद झाला. बंडोपंतांचं गणित असं की तीळ जेवढा मोठा तेवढा प्रवास लांबचा. मोहरीएवढा होता तेव्हा वसमत. ज्वारीएवढा झाला, नांदेड. मुगाएवढा झाला तेव्हा ते म्हणाले, संभाजीनगर. मी विचारलं, पुण्याला काय लागेल? त्यांनी थोडा विचार करून सांगितलं, “तुरीचा दाणा.” आणि त्या दिवसापासून, जाई, मी रोज आंघोळीनंतर पाटावर बसून, मान मोडेपर्यंत पाय वळवून बघायची, तूर झाली का. (यावर तू हसशील. हस. मी आता त्यावर हसते, पण एकटी असताना हसत नाही.) शेजारच्या द्वारकाबाईंनी तर दर महिन्याला येऊन टाच पाहायचा नेम धरला. त्यांची बहीण पुण्याला असते. “प्रेमाताई, तूर व्हायला आली की आधी मला सांगा, सांडगे वाळवायला आठ दिवस लागतात,” असं त्या बजावून जायच्या.

आता मुख्य गोष्ट. बंडोपंत साध्या डोळ्यांवर विश्वास ठेवणारे नाहीत. खात्यात असताना शेताच्या नकाशावर पातळ कागद ठेवून हद्द गिरवायची त्यांना सवय. तसाच कागद ते दर महिन्याच्या एक तारखेला माझ्या टाचेवर ठेवायचे, टोकदार पेन्सिलीने तिळाची कड गिरवायचे, खाली तारीख, उत्तर दिशा आणि रंग लिहायचे. ‘पूर्वेस काळा, पश्चिमेस तपकिरी.’ ‘दक्षिणेकडील हद्द वाकडी.’ ‘मागील मोजणीपेक्षा पूर्वेस सुमारे एक मिलिमीटर पुढे.’ असे दहा कागद झाले. त्यांची फाईल केली आणि वर सुवाच्य अक्षरात ‘प्रवासयोग’ लिहिलं. मला गुदगुल्या व्हायच्या आणि ते ओरडायचे की हद्द हलते.

मनकर्णाची लेक सृष्टी इकडच्या पुसेगावच्या आरोग्य उपकेंद्रात नर्स आहे. संक्रांतीनंतरच्या रविवारी ती आईला न्यायला आली. मी पाय पसरून बसले होते, मनकर्णा वाटी फिरवत होती, आणि बंडोपंतांनी पाहुणीला सन्मानाने फाईल दाखवायला घेतली. तिने पहिला कागद पाहिला. मग तिने सगळे कागद एकावर एक ठेवले आणि खिडकीच्या काचेला धरले, उजेडात. मी तिच्या पाठीकडे बघत होते. तिने तारखा एकेक करून वाचल्या. मग म्हणाली, “आई, वाटी ठेव खाली.”

तिने माझी टाच मांडीवर घेतली आणि एकेक विचारू लागली. ह्ये कधीपासून? मधून रेघ मारली तर दोन्ही बाजू सारख्या दिसतात का? कड नीट आहे की फाटल्यावानी? रंग एकच की दोन-तीन? पेन्सिलीच्या मागच्या रबरापेक्षा मोठा झालाय का? आणि वाढून राहिलाय का? प्रत्येक प्रश्नाला बंडोपंत परीक्षेत पहिला येणाऱ्या मुलासारखे फाईलमधून उत्तर देत होते. बाजू सारख्या नाहीत, कड वाकडी, रंग दोन, एक तारखेलाच सहा मिलिमीटर ओलांडले. उत्तरं बरोबर येत होती आणि सृष्टीचा चेहरा उतरत होता, हे त्यांच्या लक्षात चौथ्या उत्तराला आलं. माझ्या पहिल्याच.

मी म्हटलं, अगं पण दुखत नाही, खाजत नाही. ती म्हणाली, “काकू, दुखत न्हाई म्हणूनच तर माणसं बसून राहतात. साधा तीळ हाय तसा राहतो. ह्यो बदलून राहिलाय. उद्याच्या उद्या नांदेडला जा.” मी म्हटलं, कातडीचा कॅन्सर तर वाळूत पडून ऊन खाणाऱ्या गोऱ्या लोकांना होतो (माझ्या डोळ्यांपुढे सिस्टर फिलोमिनांचं मे महिन्यातलं लालबुंद नाक आलं). तर ती म्हणाली की आपल्या रंगाच्या माणसांना तो जिथे ऊन पोचत नाही तिथेच जास्त होतो. तळपाय, तळहात, नखाखाली. आणि तिथे कुणी बघत नाही. मनकर्णाने वाटी पदराखाली लपवली आणि रडायला लागली, की माझ्याच घासण्याने झालं. सृष्टीने तिला जवळ घेतलं. “वाटीनं काई झालं न्हाई ग माय. फक्त त्या काळ्यात हे काळं दिसलं न्हाई.”

नांदेडची डॉक्टरीण आपल्या नातीच्या वयाची वाटली. तिने दिव्याचं भिंग लावून पाहिलं, तुकडा काढला, आणि दहा कागदांचे फोटो काढून घेतले. म्हणाली, रोगी येतात आणि सांगतात ‘लहान होता, आता मोठा झाला’. तारखेसकट नकाशा घेऊन आजवर कुणी आलं नाही. दहा दिवसांनी रिपोर्ट आला. कॅन्सर आहे. वरवरच आहे, खोल गेलेला नाही, असं ती दोनदा म्हणाली. आजूबाजूची थोडी कातडी काढावी लागेल, मांडीवरची तिथे लावतील, महिनाभर टाच टेकायची नाही. मग म्हणाली, “संभाजीनगरला जा किंवा पुण्याला...” तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी पुणे म्हणाले. बंडोपंतांनी दबक्या आवाजात आठवण करून दिली की संभाजीनगर जवळ पडतं. मी म्हटलं, तूर झाली आहे.

येताना वारंगा फाट्याला बस थांबली. तिथली खिचडी यांचा जीव की प्राण. त्या दिवशी ताट समोर आलं आणि यांनी ते माझ्याकडे सरकवलं. मग म्हणाले, “तेहतीस वर्षं दुसऱ्याचा बांध कुणी कोरला, वीतभर असो की बोटभर, मी सांगत आलो. भांडणं सोडवली. आणि घरात दर महिन्याला कोरला जात होता, तर मी पेढे वाटायचं ठरवत होतो.” मी म्हटलं, तुम्ही मोजलं म्हणून तर सृष्टीला दिसलं. पण तेवढ्याने त्यांचं समाधान झालं नाही. त्यांनी खिशातून पेन काढलं, फाईलवरचं ‘प्रवासयोग’ खोडायला गेले आणि थांबले. मी त्यांचा हात धरला. प्रवास तर होतोच आहे. (त्यांची खिचडी मी खाल्ली. माझीही खाल्ली. अन्न टाकायचं नाही, ही सिस्टरांचीच शिकवण.)

तर जाई, असं आहे. तुझा तिसरा मजला आणि लिफ्ट नाही, हे मी विसरलेले नाही. बंडोपंत म्हणतात मी उचलून नेतो. त्यांच्या कंबरेची काळजी तू कर. ऑपरेशननंतर महिनाभर मी तुझ्या खिडकीत पाय उशीवर ठेवून बसणार आणि तू माझ्या समोर बसायचंस. दुसरं काही करायचं नाही. आपण रोज सकाळी वर्गाची हजेरी घेऊ, कोण कुठे आहे, कोण गेलं. तू माझ्या पांढऱ्या केसांच्या दोन वेण्या घाल, लाल रिबीन मी आणते. मला खूप दिवसांपासून कुणी नुसतं ‘प्रेमे’ म्हणून हाक मारलेली नाही. इथे मी काकू आहे, बाई आहे, अहो आहे.

तुझ्या घरच्या कुंड्यांना आणि तुला खूप प्रेम.

तुझीच,
प्रेमा

ता. क. द्वारकाबाईंचे सांडगे अडीच किलो झाले आहेत. माझ्या पायाचं ऐकून त्या रडल्या, पण सांडगे कमी केले नाहीत. त्यांच्या बहिणीला तुझा पत्ता दिला आहे.

ता. क. दुसरा. वर ‘घाबरू नकोस’ लिहिलं ते तुला नव्हतं.

ता. क. तिसरा, ज्यासाठी एवढं लांबलचक पत्र लिहिलं. दिवाळीत तू व्हिडिओ कॉल केलास तेव्हा तुझ्या उजव्या अंगठ्याला गडद लाल रंग होता, बाकी नऊ बोटं कोरी. जन्मात नखाला रंग न लावणारी तू. मी चेष्टा केली, तर तू म्हणालीस, “अगं, नखात उभी काळी रेघ आलीय, दारात अंगठा चेमटला असेल, दिसू नये म्हणून लावते.” मी हसून विषय बदलला आणि माझ्या टाचेचं कौतुक सांगत बसले. दारात चेमटलेलं काळं नखाबरोबर पुढे सरकतं आणि कापलं जातं, असं सृष्टी म्हणते. रेघ तशीच राहिली, रुंदावली, नखाच्या मुळाशी कातडीवर उतरली, तर थांबायचं नाही. दिवाळीला किती महिने झाले मोज. तुला आठवतं? होस्टेलमध्ये सकाळी तपासणीच्या रांगेत उभं राहून हात पुढे करायचे, आणि तुझा अंगठा शाईने काळा असला की तू तो मुठीत लपवायचीस. मी शेजारी उभी राहून तुझी मूठ झाकायची, आणि सिस्टर फिलोमिना दोघींना शिक्षा करायच्या. या वेळी मी झाकणार नाही. शुक्रवारी त्याच दवाखान्यात मी तुझंही नाव लिहून ठेवलं आहे, माझ्यानंतर लगेच. बुधवारी मी दार वाजवीन तेव्हा रंग पुसलेला असू दे. जाई, अंगठा बाहेर काढ.