घासलेले प्लग

मुलुंड, खंडेनवमी, १९८५

देवा, कशी बुद्धी झाली मला? हे गेल्याला दोन महिने झाले. आज ह्यांची हत्यारं पूजायची म्हणून राखेने लख्ख घासली. डब्यात चार स्पार्क प्लग होते, तेही घासले.

संध्याकाळी ह्यांचे गॅरेजमधले सोबती सदाभावोजी आले. "वयनी, त्या जुन्या फ्युएल इंजेक्शनवाल्या स्पोर्ट्स गाडीचे प्लग दे गो. काजळी बघून पेट्रोल कमीजास्त करायचंय. त्याने त्यासाठीच काढून ठेवलेले."

मी पाटावरचे, फुलं वाहिलेले प्लग दाखवले. भावोजींनी एक प्लग उचलून उजेडात धरला. मग म्हणाले, "नवेकोरे केलेस गो! जाऊ दे, गाडी परत पळवून बघू."

गाडी पळेल, नवी काजळीही धरेल. पण घासून टाकली ती ह्यांच्या शेवटच्या फेरीची काजळी. ठाण्यापर्यंत जाऊन आले होते. नेहमी म्हणायचे, प्लगवर चहाचा रंग आला की पेट्रोल-हवेचं मिश्रण जमलं. आला होता का चहाचा रंग? मी बघितलंच नाही. मला नुसता मळ दिसला.

निदान प्लग पुसलेल्या फडक्यात काजळी असेल म्हणून धावले. ह्यांच्याच जुन्या गंजीफ्रॉकचं फडकं. मीच धुऊन दोरीवर टाकलेलं. पांढरंशुभ्र.