गुरुवारचं ते वाक्य

परळ, मुंबई
२९ एप्रिल २०२५

प्रिय बकुळाताई,

प्रभूमध्ये सलाम. तुझं पत्र मिळालं. गुडघे कसे आहेत? भाऊजींना सांग, खोकला अंगावर काढू नका. इथे उकाडा जीव घेतोय. चर्चमधले पंखे फिरतात, वारा लागत नाही. मीही थकलोय. तू जन्माची नर्स, लगेच ब्लडप्रेशर विचारशील. ते ठीक आहे.

फोन का करत नाहीस, असं विचारतेस. फोनवर मी भाषण सुरू करतो, हे तूच मला लहानपणापासून ऐकवत आलीस. म्हणून लिहितोय.

पवित्र गुरुवारच्या माझ्या संदेशाचा व्हिडिओ मिरजेपर्यंत पोचला तर. आमचे सेक्रेटरी राजेश यांनी मागे संगीत लावून तो सगळीकडे पाठवलाय. मे महिन्यातल्या सभेत मी तोच संदेश द्यावा, अशी तुमच्या मंडळीची इच्छा आहे म्हणतेस. ताई, मी येणार नाही.

रागावू नकोस. आधी ऐक.

आमच्याकडे त्या दिवशी बारा खुर्च्या मांडतात आणि पाळकाने बारा जणांचे पाय धुवायचे असतात. बाराही जण कमिटीतले. घरूनच पाय घासून, नखं कापून, नवे मोजे घालून येतात. धुवायला काही उरलेलंच नसतं. यंदा मी अडून बसलो. म्हटलं, प्रभूने शिष्यांचे धुतले ते दिवसभर धुळीत चाललेले पाय होते, तुमचे गाडीतून उतरलेले नव्हेत. खूप भांडलो. शेवटी बारावी खुर्ची आनंदाला मिळाली.

आनंदा जालन्याकडचा, रस्त्याच्या कामावर डांबर ओतणारा. जबड्याच्या कॅन्सरवर उपचारासाठी इथल्या मोठ्या इस्पितळात आला आणि बायको मालनसह बाहेरच्या फुटपाथवरच राहिला. फेब्रुवारीत मी दोघांना देवळामागच्या खोलीत आणलं. सकाळी मालन इस्पितळाच्या रांगेत जायची, त्याला अंघोळ मी घालायचो. तोंड धड उघडत नव्हतं, तरी चेष्टा चालूच. ‘पाद्रीबाबा, तुमच्या देवाला सुट्टी कवा असती? रोज कुनीतरी गानं म्हनतंयच.’

गुरुवारी त्याचे पाय परातीत घेतले. डांबराचे चटके बसून घोट्यापर्यंत काळे डाग पडलेले. मी बोलायला लागलो. पुढचं तू ऐकलंच आहेस. ‘तुमच्या गाड्या ज्यावरून धावतात, तो रस्ता या पायांनी केलाय!’ लोक डोळे पुसत होते आणि मला ते दिसत होतं. समोरचा रडायला लागला की मला थांबता येत नाही, ताई. मग ते वाक्य आलं, ज्याने तुझ्या अंगावर काटा आला. ‘डॉक्टरांनी हात टेकलेत, आता याला फक्त तुमचा आधार उरलाय.’

डॉक्टरांनी हात टेकलेत, हे आनंदाला माहीत नव्हतं.

ते त्यांनी मला आणि मालनला बाजूला घेऊन सांगितलं होतं. मालन त्याला म्हणत होती, औषध लागू पडतंय, पावसाआधी गावी जाऊ. माझ्याकडून तिने शब्द घेतला होता. मी दिलाही होता.

व्हिडिओत दिसतं बघ, त्या वाक्यानंतर आनंदा पाय परातीतून हळूच काढून घेतो. राजेशनी नेमकं तिथेच चित्र मोठं केलंय आणि खाली लिहिलंय, ‘नम्रतेचा क्षण’.

उपासना संपल्यावर त्याने एवढंच विचारलं, ‘हे खरं हाय का?’ मी परात उचलली आणि पाणी ओतायला मागे गेलो.

संध्याकाळपर्यंत दोघं पुन्हा फुटपाथवर. मी मागे धावत गेलो. मालन म्हणाली, ‘दोन महिने मी त्याच्यासमोर हसून दावलं. तुमाला दोन मिंटं गप ऱ्हाता आलं न्हाई?’ मी आनंदाची माफी मागायला लागलो, तर त्याने हात वर केला. ‘आता भाषन नको.’

तेव्हापासून रोज सकाळी पाण्याची बादली आणि तांब्या घेऊन तिथे जातो. बादली मालन घेते. तो पाठ फिरवतो. ती त्याला पुसून काढते, मी रिकामी बादली घेऊन परततो. राजेश म्हणाले, ‘पास्टर, केवढी मोठी सेवा! एक छोटासा व्हिडिओ काढू?’ मी त्यांना काय म्हणालो ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. रविवारी मी शास्त्रपाठ वाचतो आणि खाली बसतो. मंडळीला वाटतं, घसा बसलाय. एक बाई आल्याच्या वड्या देऊन गेल्या.

लोकांना रडवायला मला आवडतं, ताई. त्यासाठी मी एका आजारी माणसाचा मरणाचा निरोप त्याच्यासमोर वापरला. आता मिरजेत उभा राहून तेच वाक्य पुन्हा कसं म्हणू? तो व्हिडिओ तू पुढे पाठवू नकोस. ज्यांना पाठवलास, त्यांना काढून टाकायला सांग.

आज मालन औषध आणायला गेली होती. बादली ठेवून मी उभा राहिलो. त्याने पाठ फिरवली नाही. सदरा काढला आणि मानेनेच खूण केली. मी पाठ चोळली. निघताना त्याने मला जवळ बोलावलं आणि कानात एक गोष्ट सांगितली. म्हणाला, ‘मालनला कळू देऊ नका.’

ती मी तुलाही लिहिणार नाही.

मिरजेच्या मंडळीला सलाम सांग. विचारलंच, तर म्हण, हितेंद्रला सकाळी काम असतं.

तुझा धाकटा,
हितू