आमच्या वाफ्यावरचा राब

पोलादपूर, वैशाख वद्य पंचमी

हातांची काजळी अजून निघत नाही. दुपारी आमच्या भाताच्या वाफ्यावर शेजारची सखूवहिनी राब भाजत होती, पेरणीआधी वाफ्यावर पसरलेला पालापाचोळा पेटवून. तो दरवर्षी मी भाजते! धावत गेले, हिरव्या फांदीने आग झोडपली, तिला नको नको ते बोलले. ती गोंधळून म्हणाली, "तुला म्हायत नाय गो? तुझ्या घरवाल्यानं जमीन आमाला कसायला दिलीय. तुम्ही मुंबयला चाललाव ना?"

म्हणजे साऱ्या वाडीला ठाऊक. मुंबईत मी काय करू? भीती वाटतेच, पण मला एका शब्दाने विचारावंसंही वाटलं नाही यांना?

जेवताना म्हणाले, "हात कशानं काळे झाले?"

"आपला राब विझवला."

यांनी खाली बघत आणखी भात मागितला. त्याच हातांनी वाढला.