कानशीनं चमकवलेलं टोक

प्रेरणाचे पप्पा,

साडेदहाच्या गाडीनं देऊळगाव राजाले जाते, दिवे लागायच्या आत येते. दुकानातल्या सोल्डरिंग गनचं टोक काल तुमच्या नव्या शिकाऊ आचलनं कानशीनं घासलं. तुम्ही म्हणाले, "वा आचल, काय चमकवलं!" सकाळी पाहिलं तर टोकाचा वरचा थरच निघून गेला होता, आता ते सोल्डर धरत नाही. लग्नाआधी मी तुमच्यापाशी शिकत होती तेव्हा मीही हेच केलं, तर तुम्ही आठ दिवस मले सोल्डरिंगले हात लावू दिला नाही. बारा वर्षांत माझं काम 'बरं हाय'च्या वर गेलं नाही, अन् तिले चार दिवसांत तीन वेळा 'वा'. मी मोजून राह्यली.

नवीन टोक आणायलेच चालली. तोवर पेटीतल्या जुन्या सोल्डरिंगवर तिले शिकवा. टोक गरम करून ओल्या स्पंजनं पुसायचं, लगेच सोल्डरची तार फिरवून चांदीसारखं माखायचं अन् तसंच थंड होऊ द्यायचं.

पण तोंडानं सांगा. मले शिकवतानी तुम्ही हात धरला होता, तो अजून सोडला नाही.

सुनंदा