पाचवी सही, पहिल्या ओळीत

मु. पो. वडजाई, जि. सांगली
रविवार, सकाळचे दहा

तीर्थस्वरूप हंबीरमामा यांच्या पायाशी भाचा शिवतेज याचा आधी कडक सॅल्यूट आणि मग साष्टांग नमस्कार. (क्रम मुद्दाम तसा ठेवलाय. मागच्या दिवाळीत मी आधी वाकलो, आणि तुमचा सॅल्यूटसाठी वर निघालेला हात माझ्या कपाळावर बसला होता.) इकडं सगळं बरं आहे. आईचा गुडघा थंडीनं धरलाय, पण माझ्यामागं धावताना तो दुखत नाही असं दिसतं. शिरवळला कंपनीच्या गेटवर पहाटे फार गारठा असेल. मामींनी विणलेली कानटोपी घालत जा. सुभेदार माणसाला ती शोभत नाही हे खरं, पण नोकरी आता सिक्युरिटीची आहे, सरहद्दीची नाही.

पत्र का लिहितोय, फोन का केला नाही, असं तुम्ही विचाराल. परवा फोनवर तुम्ही "माघार घे" एवढे दोनच शब्द बोललात आणि ठेवलात. आईनं तुम्हाला जे सांगितलं ते अर्धंच आहे. आणि आमच्या घरात फोनवर बोलायचं म्हणजे आई भांडी घासायची थांबते, वडील टीव्हीचा आवाज बंद करतात आणि शेजारचे यशराजभाऊ कुंपणापाशी येऊन उगाच शेवग्याकडं बघत उभे राहतात. म्हणून कागद. शेवटपर्यंत वाचा, मधेच चिडून खाली ठेवू नका. चिडायचा गुण मला तुमच्याकडूनच आलाय, म्हणून सांगतो.

आमच्या नगरपंचायतीचे सतरा प्रभाग. सतरा जण निवडून येतात आणि मग आपसात हात वर करून नगराध्यक्ष, उपनगराध्यक्ष आणि समित्यांचे सभापती ठरवतात. म्हणजे साध्या माणसाच्या बोटाला शाई लागायची ती सदस्य निवडताना, एकदाच. तीही प्रभाग चारमध्ये कधी लागलेली नाही. तिथं आदगोंडा अण्णा ग्रामपंचायत होती तेव्हापासून बिनविरोध. अण्णा माणूस वाईट नाही, हे मी रागात असूनही लिहितो. आवाज चढवत नाहीत. चिडले की उलट जास्त आदरानं बोलतात. त्यांनी मला "शिवतेजराव" म्हटलं की मी समजतो, आज काही खरं नाही. तर बिनविरोधची रीत अशी. निवडणूक लागली की पहिल्या रविवारी प्रभागातली मंडळी समाजमंदिरात बसतात. अण्णांच्या घरचा गूळ आणि भाजक्या शेंगा येतात. सगळ्यांनी तोंडात टाकल्या की अण्णा हात जोडून तीन वेळा विचारतात, "कुणाला उभं ऱ्हायचंय का?" तोंडात शेंगदाणे असताना कोण बोलणार? तिसऱ्यांदा विचारून झालं की टाळ्या. आजवर शेंगा कमी पडलेल्या नाहीत.

या वेळी मीही गेलो होतो. माझं घर प्रभाग नऊमध्ये. तिथं जागा महिलांसाठी राखीव, म्हणून आमच्याकडं चर्चा मोठी आणि माझं काम काहीच नाही. चारमध्ये का गेलो, ते पुढं येईलच. (तुम्हाला आत्ताच कळलंय. अण्णांची मुलगी ब्राह्मी. सातवीपर्यंत आम्ही एका वर्गात होतो.) मी शेंगा घेतल्या नाहीत, एवढंच निमित्त. अण्णा म्हणाले, "शिवतेजराव, घ्या की. कालेज अर्ध्यात सोडून आलेल्यानं शेंगा तरी पुऱ्या खाव्यात." सगळं समाजमंदिर भरल्या तोंडानं हसलं. एका आजोबांना ठसका लागला. मामा, माझ्या डोक्यात काय गेलं मला माहीत नाही. अण्णांनी तिसऱ्यांदा विचारलं आणि मी उभा राहून म्हणालो, "मला."

कॉलेजचा विषय निघालाच आहे तर तोही मिटवतो. विश्रामबागच्या कॉलेजात वर्गाचा प्रतिनिधी मतदानानं न निवडता मार्कांवरून नेमला, म्हणून मी तत्त्वासाठी गळ्यातलं ओळखपत्र टेबलावर ठेवून बाहेर पडलो, असं मी घरी सांगितलंय. ते खरंच आहे. (त्याच महिन्यात ब्राह्मीचं एम.एस्सी. संपलं आणि सकाळच्या सहा चाळीसच्या एसटीत बसायला मला काही कारण उरलं नाही, हेही खरं आहे. हे आईला सांगू नका.)

तर अर्ज. उमेदवाराला आपल्या गावातला कुठलाही प्रभाग चालतो, पण अपक्षाला पाच सूचक लागतात आणि ते त्याच प्रभागाच्या यादीतले. बाकीची कागदं मी दोन दिवसांत जमवली. घरात संडास आहे आणि मी तो वापरतो, असाही दाखला लागतो. तो देणारा कारकून माझ्याकडं असा बघत होता की जणू प्रात्यक्षिक मागणार. पण सूचक! चार सह्या राहीबाईंच्या एका घरात मिळाल्या: त्या, दोन मुलगे आणि एक सून. अण्णांनी गटार त्यांच्या दारावरून वळवल्यापासून त्या त्यांच्याशी बोलत नाहीत. पाचवी काही मिळेना. पहिली ओळ मी निवृत्त मुख्याध्यापकांसाठी मानानं रिकामी ठेवली होती. त्यांचा चष्मा हरवला (डोळ्यांवर होता). गिरणीवाल्याच्या हाताला पीठ होतं. न्हावी म्हणाला, "गड्या, माझा वस्तरा रोज अण्णांच्या गळ्यावर असतो, मला असल्यात घेऊ नको." शेवटच्या दिवशी मी अण्णांच्याच गल्लीत नळाच्या कट्ट्यावर कागद घेऊन बसलो होतो, आणि ब्राह्मी स्कूटी लावून समोर उभी राहिली.

"किती कमी हायत?"

"एक."

"आण इकडं. पेन चालतंय का तुझं, का तेबी अर्ध्यात सोडतंय?"

आणि तिनं सही केली. पहिल्या ओळीत. का, ते न विचारता मी पेन तेवढं परत घेतलं. पेन अजून खिशात आहे, त्यानं मी दुसरं काही लिहिलेलं नाही. (हे पत्र वेगळ्या पेनानं लिहितोय.)

आता नियम असा की आलेल्या अर्जांची यादी कार्यालयाच्या फळ्यावर लावतात, आणि त्यात उमेदवारासमोर पहिल्या सूचकाचं नाव येतं. संध्याकाळी सगळ्या वडजाईनं वाचलं: उमेदवाराच्या रकान्यात शिवतेज, शेजारच्या रकान्यात ब्राह्मी, खाली सरकारी शिक्का. मामा, लोकांनी ती यादी लग्नपत्रिकेसारखी वाचली. कुणीतरी मोबाईलवर फोटो काढून फिरवला आणि खाली "आमचे येथे श्रीकृपेकरून" असं लिहिलं. आई दोन दिवस पाण्याला बाहेर गेली नाही. मी आषाढापासून मटण सोडलंय, त्याला ती कावीळ समजून औषध देत होती. त्या काविळीचा अर्थ तिला फळ्यावर लागला. ते जैन, आपण मराठा, हे मला कळतं. त्यावर तुम्ही जे बोलणार ते समोर बोला, मी मान खाली घालून ऐकेन. कागदावर नको.

दुसऱ्या दिवशी छाननी. अण्णांचा पुतण्या साईराज यानं हरकत घेतली की पहिल्या सूचकाची सही खोटी आहे, कारण सख्खी मुलगी बापाविरुद्ध सही करणारच नाही. सही खोटी ठरली तर अर्ज बाद, शिवाय माझ्यावर पोलीस केस. निवडणूक अधिकारी बाहेरगावच्या बाई, सर्दीनं बेजार. त्यांनी जाड पुस्तक उघडलं, पानं उलटली आणि म्हणाल्या, "उमेदवाराची मुलगी असणं ही अपात्रता यात कुठं दिसत नाही. सूचकाला बोलवा." ब्राह्मी आली. एका बाजूला अण्णा, एका बाजूला मी, मधे टेबल. बाईंनी विचारलं, सही तुमची? तिनं नाही म्हटलं असतं तर मी तिला दोष दिला नसता. रात्री घरी तिलाच जायचं होतं.

ती म्हणाली, "माझीच. यादीत पान आठ, दोनशे चौदा नंबर मीच. मागच्या वेळी एकोणीस वर्षांची होते. शाई लागणार म्हणून मेंदी काढली नव्हती. मत आलंच न्हाई, शेंगा आल्या. मला मत द्यायचंय. त्याला कुणीतरी दुसरा उभा लागतो."

कुणीतरी दुसरा! लक्षात घ्या मामा. कुणीतरी. मला वाईट वाटायला हवं होतं, पण मी अण्णांकडं बघत होतो. त्यांनी चष्मा काढला, उपरण्यानं पुसला, तो कागद जवळ ओढला आणि बराच वेळ पाहिला. मग बाईंना म्हणाले, "सही तिचीच हाय. वळण माझं हाय." आणि साईराजला हरकत मागं घ्यायला लावली. मला त्यांचा राग धरून ठेवायचा होता. त्या दिवशी तो निसटला तो निसटलाच.

माघारीच्या दिवशी दीड वाजता त्यांनी मला घरी बोलावलं. ब्राह्मीच्या आईनं, गुणमालाकाकूंनी, दूध दिलं. अण्णा म्हणाले, "शिवतेजराव, आपण माघार घेतलीत तर आपलं येणंजाणं राहील. पुढचं पुढं बघू." पुढचं पुढं बघू! मी दुधाचा पेला दोनदा रिकामा असतानाच प्यायलो. ब्राह्मी आतल्या दारात उभी होती. तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडं बघून एवढंच म्हटलं, "कार्यालय तीनला बंद होतं. दोनला दहा कमी हायत." जा म्हणाली की जाऊ नको, हे मला आजवर कळलेलं नाही.

मी गेलो. खोटं कशाला सांगू? माघारीचा अर्ज भरून, सही करून गेलो. कार्यालयाच्या दारात हारवाला उभा होता, साईराजकडं गुलालाची पिशवी, आणि एका पोत्यात शेंगा. त्या भाजक्या शेंगांचा वास आला आणि मला दोनशे चौदा आठवला. तिच्या घरी जायचा रस्ता तिचं मत काढून घेऊन जात असेल, तर त्या घरी जाऊन मी तिच्या समोर बसणार कुठल्या तोंडानं? मी पायरीवर बसलो. अडीच वाजले, पावणेतीन वाजले. लोक "आत जा की रं" म्हणत होते. तीनला शिपायानं दार ओढून घेतलं. अण्णांनी हार परत पाठवला, माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "बरं आहे, शिवतेज." राव नाही. मामा, याचा अर्थ काय घ्यायचा? त्यांच्यामागून ती स्कूटीवरून गेली. वेग कमी न करता म्हणाली, "खिशातला कागद भिजला असंल घामानं. वाळव."

तर तुमच्या दोन शब्दांना हे उत्तर. माघार घेणार नाही. घ्यायची वेळही गेली, पण वेळ असती तरी घेतली नसती. चिन्ह मी पतंग मागितलं होतं, चिठ्ठीत प्रेशर कुकर आलं. गाव म्हणतं की त्या बाईंना माझा स्वभाव पुस्तकात बघूनच कळला. मी गल्लीत शिरलो की पोरं तीन शिट्ट्या मारतात. मारू देत. रोज सकाळी सहाला निघतो, दारोदारी फिरतो, गटाराचं लिहून घेतो. या पंधरवड्यात मी कुणावर ओरडलेलो नाही. (न्हाव्यावर एकदा. त्यात वस्तरा त्याच्या हातात होता, म्हणून तेही हळू.) हरलो तरी प्रभाग चारमध्ये शाई लागणार, आणि ती माझ्यामुळं लागणार. मामींना नमस्कार. तुमच्या शिवांजलीला अभ्यास कर म्हणावं, आणि मी सांगितलं असं सांगू नका, ती हसेल.

आपला आज्ञाधारक (या एका बाबतीत सोडून),
शिवतेज

ता. क. पत्राचं खरं काम राहिलंच. मतदान येत्या रविवारी, साडेसात ते साडेपाच. केंद्राबाहेर शंभर मीटरवर आपलं टेबल लागतं. याद्या, चिठ्ठ्या, म्हाताऱ्यांना रिक्षा. ते सांभाळायला तुमच्यासारखा शिस्तीचा माणूस पाहिजे. रजा टाकून या. इस्त्रीचा सफारी आणा, मेडलं आणलीत तर उत्तमच.

ता. क. दुसरा. "तू स्वतः काय करणार?" असं विचाराल. मी आत असेन. उमेदवाराला केंद्रात बसता येतं. अण्णांनी त्यांची मतदान प्रतिनिधी म्हणून ब्राह्मीला नेमलंय. म्हणाले, घरातली आहे, प्रभागातला एकेक चेहरा ओळखते, आणि कुणाच्या बाजूनं आहे ते सगळ्यांना कळू दे. प्रतिनिधींचं बाक एकच आहे. माझं स्वतःचं मत प्रभाग नऊमध्ये आहे, ते साडेसातला देऊन पळत येईन. तिला विचारलं, मत कुणाला देणार? म्हणाली, गुप्त असतं. मामा, तिनं "अण्णांना" म्हटलं नाही.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवता चिकटवता अधिकारी बाईंचं परिपत्रक हातात पडलं. केंद्रात आणि शंभर मीटरच्या आत उमेदवारानं आणि प्रतिनिधींनी आपसात बोलायचं नाही. खुणा नाहीत, हसणं नाही. एकदा ताकीद, दुसऱ्यांदा बाहेर. दहा तास, तिच्या शेजारी, एका बाकावर. तुम्ही बत्तीस वर्षं चौकीवर गप्प उभं राहून काढलीत. तेव्हा रविवारी नको, शनिवारीच या. टेबल कुणीही सांभाळेल, मला गप्प बसायला शिकवा.