भाचीच्या उंचीचं मासिक

ती. ताईस,

शिडीवरूनच नमस्कार (साष्टांग घालायला गेलो तर रंगाच्या डब्यासकट खाली येईन). भावोजींची कंबर आता कशी आहे? मी ठणठणीत. सध्या एका रंगाऱ्याच्या हाताखाली आहे, आणि अजून त्याने मला हाकललेलं नाही.

तर, भाचीसाठी मासिक निवडायचं काम तू माझ्यावर टाकलंस. (वाढदिवसाला मी पाठवलेला चावीचा ससा तिने मैत्रिणींसमोर उघडला आणि तेव्हापासून ती माझ्या फोनवर येत नाही, हे मी विसरलेलो नाही.) या खेपेला चुकायचं नाही असं ठरवून दुकानात गेलो. वाटेत एकजण छत्र्या दुरुस्त करत होता, तिथे बराच वेळ गेला, पण ते असो. दुकानातल्या बाईंनी विचारलं, "मुलगी केवढी आहे?" मी हात कमरेशी धरला. मग तू परवा पाठवलेला तिचा फोटो आठवला, म्हणून हात कानापर्यंत नेला. "उभ्या उभ्या एवढी वाढली?" म्हणत बाईंनी दोन्ही मापांची मासिकं समोर टाकली.

पहिल्यात ठिपके जोडायचे होते. जोडले, तर ससा निघाला! ताबडतोब परत केलं. दुसऱ्यात 'पोट सपाट कसं कराल'. अगं, बारा वर्षांच्या पोरीला पोट असतंच कुठे? वाचता वाचता मीच श्वास आत ओढून उभा राहिलो. तेही परत. "मग हे मधलं घ्या," म्हणून त्यांनी तिसरं काढलं. त्यात मुरुमं, मैत्रिणीशी अबोला, पहिली पाळी, सगळं एखाद्या मोठ्या बहिणीने शेजारी बसून सांगावं तसं. (माझे कान तापले, पण सोडलं नाही.) शिवाय दीपगृहात अडकलेल्या एका मुलीची गोष्ट. ती तिथेच वाचायला लागलो. बाईंनी आधी स्टूल दिलं, मग झाडताना पाय वर घ्यायला लावले.

तोच अंक सोबत आहे. जरा हळूच तिच्या टेबलावर ठेव.

तुझा,
धाकटा

ता.क. गोष्टीचं शेवटचं पान मी मुद्दाम वाचलेलं नाही. ती मुलगी सुटली की नाही, ते भाचीने फोन करून सांगावं. मामाचा जीव टांगणीला लागलाय म्हणावं.

आणखी एक ता.क. वाचलंय गं. मी कसला थांबतोय! पण तिला सांगू नकोस. तिने सांगितलं की मला फक्त "हो का गं?" एवढंच म्हणायचंय. सकाळपासून सराव चाललाय, रंगारी वैतागलाय.